खोडलेली फांदी

परंड्याच्या किल्ल्याजवळच्या एका माळवदाच्या घरात अप्पा घराण्याची वंशावळ मांडत होते. 2023 पासून मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदींचा शोध सुरू झाला, तशा घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या, अप्पांचीही उघडली. थोरली फांदी त्यांच्या वडिलांची, ती नावांनी भरली. धाकट्या चुलत्याच्या फांदीखाली बार्शीच्या मंडळींची नावं होती. त्यांवर मात्र अप्पांनी लाल शाईनं काट मारली होती.

त्याच मंडळींतली नात एका रविवारी बार्शीहून आली. तिनं पिशवीतून आजोबांचा गिरणीचा पास काढला. घड्यांवर विरलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मे 1948, वय 20, गाव परंडा, वडिलांचं नाव, ओळखीची खूण. आडनाव परंडेकर.

अप्पांनी पास दोनदा वाचला आणि परत केला. "पोरी, राग मानू नको. बापाचं नाव जुळतं, पण तसली नावं गावात ढीगभर. आमचं आडनाव हे नाही. शाळेच्या उर्दू उताऱ्यात माझ्या चुलत्याचा जन्म 1337 चा, म्हणजे 1918 चा. हिजरीचा तक्ता लावूनच काढलाय. 1948 साली तो तिशीत पाहिजे. आणि 1954 च्या खासरा पाहणीत जमिनीपुढं एकट्या माझ्या वडिलांचं नाव आहे. तुझे आजोबा दुसरेच कुणी असतील."

नातीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती वाद घालत बसली नाही. "तुमचे कागद खोटे नाहीत, अप्पा. माझाही नाही. मग दोन्ही खरे कसे, ते बघू या का?"

दोघं गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेले. मास्तरांनी उतारा डोळ्यांजवळ नेला. "1337 बरोबर आहे, पण त्याच्या शेजारचा शब्द तुम्ही सोडलात. इथं 'तीर' लिहिलंय. हिजरी सनात तीर नावाचा महिनाच नाही. हा हैदराबाद संस्थानाचा फसली सन. त्याचं वर्ष आजूरपासून, म्हणजे ऑक्टोबरपासून सुरू व्हायचं. तीर म्हणजे साधारण मे." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज मांडली : 1337 अधिक 591, बरोबर 1928. ऑक्टोबर ते डिसेंबरला 590 मिळवायचे, पुढच्या महिन्यांना 591. मे 1928 ते मे 1948, वीस वर्षं. सन चुकीचा धरल्यामुळं एक माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"आणि आडनाव?" अप्पांनी विचारलं.

"उताऱ्यात तरी कुठं आहे? नुसतं मुलाचं नाव, पुढं वलद आणि बापाचं नाव. 1948 चा मे म्हणजे रझाकारांचा काळ. परंडा निजामाच्या मुलखात आणि पंचवीसेक किलोमीटरवरची बार्शी भारतात. लोक जीव मुठीत धरून तिकडं गेले. गिरणीत कुणी विचारलं असेल, कुठला? पोरगा म्हणाला असेल, परंड्याचा. पण हा माझा अंदाज आहे. लिहाल तेव्हा अंदाज म्हणूनच लिहा."

मग मास्तरांनी खासऱ्यावर बोट ठेवलं. "पाहणीला आलेला माणूस जमीन कोण कसतं ते बघतो. घरात भाऊ किती, ते लिहिणं त्याचं काम नव्हे. धाकटा तेव्हा गिरणीत होता."

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वय जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही."

"खरंय," मास्तर म्हणाले. "म्हणून ज्यानं त्याला पाहिलंय त्याला विचारा. पण पास आधी वाचून दाखवू नका. त्या माणसाला बोलू द्या."

सोनारीला दिलेल्या आत्या नव्वदी ओलांडलेल्या. ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. नातीनं पास पदराखाली धरला आणि एवढंच विचारलं, "आत्याआजी, तुमच्या धाकट्या भावाच्या अंगावर काही खूण होती का?"

आत्यांचं थरथरतं बोट थेट उजव्या भुवईवर गेलं. "हितं. औताची शिवळ लागली व्हती. मीच हळद भरली. डाग काही गेला न्हाई."

नातीनं पास उघडून अप्पांपुढं धरला. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण.

आत्यांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "एवढी वर्सं मला कुणी इचारलं कसं न्हाई?"

अप्पांनी खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी नवा कागद पसरला. या वेळी प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं : हे कशावरून. शाळेचा उतारा, फसली सन. गिरणीचा पास. खासरा. आणि धाकट्या चुलत्याच्या नावाखाली, आत्यांच्या तोंडून. दोन्ही आडनावं त्यांनी ठेवली. परंडेकरपुढं 'गिरणीत पडलं असावं, अंदाज' अशी टीप जोडली. मग लेखणी नातीच्या हातात दिली. "धाकटी फांदी तू भर."

तात्पर्य : कष्टकऱ्याच्या आयुष्याची नोंद बहुधा दुसऱ्यानं, त्याच्या कामापुरती केलेली असते. दोन कागद भांडू लागले तर त्यातला एक फाडू नये. कुणी, कधी, कशासाठी लिहिला ते दोघांनाही विचारावं. आणि घरातल्या जाणत्या माणसाला सगळ्यांत आधी विचारावं, कारण कागद थांबतो, माणूस थांबत नाही.