कान कुणाचे?

माणसाची गरज कोणती आणि हौस कोणती, हे ठरविण्याचे काम शेजाऱ्यांकडे सोपविले असते तर गावातली निम्मी दुकाने दसऱ्यापूर्वीच बंद पडली असती. स्वतःपुरता निवाडा करताना मात्र आपण सारेच उदार होतो. बोईसरच्या माझ्या एका स्नेह्यांपुढे गेले वर्षभर असाच एक प्रश्न उभा आहे. तो दिसतो तितका साधा नाही, म्हणूनच वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

हे गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांच्या खात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झाले. घरी एक जुना स्टिरिओ, दोन उत्तम स्पीकर, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांपासून कुमार गंधर्वांपर्यंत जमविलेला संग्रह. आता त्यांना एक पेटी हवी आहे. तिच्यात डॅक आणि प्रीअँप असे दोन्ही एकत्र नांदतात. किंमत त्यांच्या घरच्या सबंध दिवाळीच्या खर्चाहून अधिक.

ही पेटी करते काय? १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून तबकडीवर गाणे राहिले नाही, आकडे राहिले. स्वराच्या लाटेचे सेकंदाला ४४,१०० वेळा माप घ्यायचे आणि ते मांडून ठेवायचे. त्या आकड्यांतून पुन्हा विजेची लाट उभी करणारा तो डॅक. (जुने मीमांसक म्हणत, शब्द नित्य आहे, तो फक्त प्रकट होतो, नैयायिक म्हणत, तो उत्पन्न होतो आणि नाश पावतो. तबकडी कपाटात असताना तीत भैरवी असते की नसते, या वादात दोन्ही पक्षांना नवा हुरूप आला असता!) प्रीअँपची कथा आणखी जुनी. ग्रामोफोनच्या पिकअपमधून व्होल्टचे काही हजारांश एवढीच वीज येई. तिला पोसून मोठे करणे भागच होते. सीडी प्लेअर मुळातच सुमारे दोन व्होल्ट देतो, आणि डॅकही त्याच्या पोटात असतोच. तेव्हा नव्या पेटीकडे उरते ते आवाज कमीजास्त करण्याचे काम, आणि जुन्या डॅकपेक्षा अधिक स्वच्छ असण्याचा दावा.

हा दावा तपासण्याची एक रीत आहे. दोन्ही यंत्रांचा आवाज मापून अगदी सारखा ठेवायचा, कारण केसभर मोठा आवाज नेहमीच अधिक गोड वाटतो; आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही. अशा परीक्षेत भल्याभल्या कानसेनांची पंचाईत होते. म्हणून तो आनंद खोटा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. प्रसादाचा शिरा घरच्या शिऱ्याहून गोड लागतो. रवा आणि साखर तीच असते, हे ठाऊक असून लागतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या गोडीची किंमत कोणाच्या पिशवीतून जाते.

यावर यंत्राचीच निंदा करणारे एक मत मला ऐकविण्यात येते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे उरले नाही, तरी बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या गळ्यातून ते महाराष्ट्राला भेटलेच. मग हवीत कशाला यंत्रे? हा युक्तिवाद मला पटत नाही. बुवांची एक खरखरीत तबकडी जरी हाती लागली असती तरी आपण ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती वहिनींनी बोलून दाखविली. "भावोजी, तुम्हीच सांगा यांना. मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती यांना ऐकू येत नाही, आणि तानपुऱ्याची तार ऐकायला यंत्र आणताहेत!"

मागांच्या खडखडाटाने प्रथम वरच्या पट्टीचे ऐकणे जाते. वयही तेथूनच चोरी सुरू करते. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा जीव त्याच पट्टीत असतो. त्यामुळे बोलणे ऐकू येते पण उमगत नाही. 'सात'चे 'हात' होतात आणि घरात तंटे होतात. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचविले आहे. "कानात यंत्र घातले की माणूस म्हातारा दिसतो," हे आमच्या स्नेह्यांचे त्यावरचे उत्तर. गंमत अशी, की आजचे श्रवणयंत्रही आवाजाचे आकडे करते आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करते. म्हणजे हवी असलेली पेटी आणि नको असलेली पेटी या सख्ख्या बहिणीच! मोठीने ज्या बारीक झंकाराचे आश्वासन दिले आहे, तो त्यांचे कान जेथे मिटले आहेत नेमका तेथेच आहे. मी हे बोलून दाखविले. ते शांतपणे म्हणाले, "मला ऐकू येणार नाही; पण तो तिथे आहे, हे मला ठाऊक असेल."

या उत्तराने मी काही काळ निरुत्तर झालो. पुढे ते म्हणाले, "तीस वर्षे हे कान मी घरासाठी खर्च केले. उरले आहेत ते तरी माझे ना?" हा हिशेब खोटा नाही. पालघर आणि बोईसरच्या स्थानकांवर सकाळी पाळीला उतरणाऱ्या कितीजणांच्या खात्यावर असा खर्च पडत असेल कोण जाणे. पण त्या तीस वर्षांत वहिनींनीही काही खर्च केले आहे. आज एकच वाक्य तीनदा सांगताना त्या अजून खर्चच करीत आहेत. गाणे उत्तर मागत नाही, म्हणून ते ऐकणे सोपे. माणसाचे बोलणे उत्तर मागते. आमच्या वारली पाड्यांवर सुकलेल्या दुध्या भोपळ्याचा तारपा घुमू लागला की त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरला जातो. तारपेकरी वळेल तसा फेर वळतो. तेथे ऐकणे आणि उत्तर देणे ही दोन कामे नाहीत. पायांनी उत्तर दिले नाही तर ऐकले कोणी म्हणणार नाही. माझे मत विचाराल तर छोटी पेटी आधी यावी, आणि मोठी पुढल्या दिवाळीला खुशाल यावी.

भाऊबीजेनंतर वहिनींनी पालघरच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. स्नेह्यांनी मात्र नवा आक्षेप शोधून ठेवला आहे. श्रवणयंत्रे बोलण्यासाठी जुळविलेली असतात. लांबलेला एकसुरी नाद त्यांना शिटीसारखा वाटतो आणि ती तो दाबू पाहतात. म्हणजे तानपुराच दोषी ठरायचा! आक्षेप बरोबर आहे. पण संगीतासाठी निराळी जुळणी करून देता येते, असेही मी वाचले आहे. ती कशी करतात ते डॉक्टरांना विचारायचे, असे ठरले आहे. आणि प्रश्न विसरू नये म्हणून तो वहिनींनी कागदावर लिहून घेतला आहे.