सोडलं, की सुटलं?

॥ जय गुरुदेव ॥



मागच्या महिन्यात इथे इंदूरला आमच्या गुरुवारच्या सत्संगात एका ताईंनी विचारलं, "एकदा सोडलेली गोष्ट पुन्हा हाती धरली, तर साधक मागे गेला असं समजायचं का?" चर्चा बरीच रंगली. आम्ही मात्र गप्प बसलो होतो. कारण त्याच आठवड्यात आमच्या घरी माळ्यावरून एक खोका खाली उतरला होता.

खोक्यात होता एक अर्धवट ट्रक. खेळणं नव्हे, मॉडेल. १:२४ या प्रमाणातलं. म्हणजे खऱ्या ट्रकचे २४ सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. सात मीटरचा ट्रक साधारण २९ सेंटीमीटरमध्ये बसतो आणि मीटरभर उंचीचं चाक ४२ मिलिमीटरचं होतं. प्रमाण चुकलं की डोळ्याला लगेच खुपतं.

ह्यांचं लहानपण आग्रा-मुंबई रस्त्यालगत गेलं. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले होते. करार संपला आणि ट्रकच्या नाकावर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. हे ओट्यावर बसून ताऱ्याचे किती गेले आणि टीचे किती, ते मोजायचे. नोकरी लागल्यावर मॉडेलं करू लागले. किट मिळायचे ते युरोप-अमेरिकेच्या ट्रकांचे, तेही कोणी परदेशातून आणले तर. मग किटमधली चेसिस आणि चाकं घ्यायची, आणि आपल्या रस्त्यावरच्या ट्रकसारखा हौदा लाकडाच्या बारीक पट्ट्यांनी घरीच करायचा.

२००३ मध्ये हे सगळं थांबलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीची दहावी, आणि हे रात्री बारा-एकपर्यंत टेबलाशी. आम्ही दमून गेलो होतो. एका गुरुवारी सत्संगाहून आलो आणि म्हणालो, "तिथे महाराज मोह सोडायला सांगतात, आणि इथे तुम्ही म्हातारपणी खेळणी करताय." हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं होतं.

त्याचा आम्हाला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगावं, सत्संगात दोनदा सांगूनही झालं, की घरातला छंदसुद्धा गुरुकृपेने सुटला.

आता ह्यांची निवृत्ती झाली. दिवाळीची साफसफाई करताना खोका सापडला, म्हणून आम्हीच उघडला. आत प्रत्येक सुटा भाग वेगळ्या कागदात गुंडाळलेला. पुड्यांवर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं: पुढचा आस, डावा आरसा, दिव्यांच्या काचा. कटरच्या पात्याला गंजू नये म्हणून तेल लावलेलं. ज्याने टाकून दिलं तो माणूस असं बांधून ठेवत नाही. हे परत येणाऱ्याचं बांधणं होतं.

एकच चूक झाली होती. टायर चेसिसला टेकलेले राहिले होते. या किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतं, आणि साध्या प्लास्टिकला लागलं की ते विरघळवतं. जिथे टायर टेकला होता तिथे चेसिसला खोल खाच पडली होती. बाहेरून खोका जसाच्या तसा, आत वीस वर्षं हे चाललेलं.

ती खाच बघून आमच्या पोटात कालवलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निराहार राहणाऱ्याचा दाखला आहे. विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत राहते. ती जाते परमतत्त्वाच्या दर्शनानेच. हे आम्ही कितीदा ऐकलं असेल! पण ते नेहमी स्वतःला लावायचं म्हणून ऐकलं. दुसऱ्याच्या हातातून वस्तू काढून घेणाऱ्याला ते काय सांगतं, हे मनात आलं नाही. सोडणं आणि सुटणं यात फरक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. सोडायला लावणं ही तिसरी गोष्ट. तिला आम्ही त्यागाच्या रांगेत बसवलं होतं.

आता कोणी म्हणेल, तेव्हा तुमचं काय चुकलं? घरात आजारपण असताना माणसाने मदत करायची, का ट्रक चिकटवायचे? खरं आहे. मदत मागणं रास्तच होतं. पण आम्ही मदत मागितलीच नाही. "मी थकले, आज रात्री आईंजवळ तुम्ही बसा," एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी महाराजांचं वचन पुढे केलं. मदत मागितली असती तर ह्यांना हो-नाही म्हणता आलं असतं. गुरुवचनापुढे माणूस काय बोलणार? आपलं गाऱ्हाणं देवाच्या नावाने मांडलं, की समोरच्याला उत्तराची वाटच उरत नाही. आमची चूक ती.

मग छंद म्हणजेही साधनाच, असं म्हणून मोकळं व्हावं का? तोही मोह टाळलेला बरा. सावता माळ्यांचा मळा, गोरोबांची मडकी, यांचे दाखले लगेच सुचतात. पण मळ्याने पोटं भरली, मडक्यांत पाणी राहिलं. ह्यांच्या ट्रकमधून काहीच कुठे जाणार नाही. तो छंद आहे, त्याला छंदच म्हणावं. त्यापायी जप चुकतो का, घरच्यांवर चिडचिड होते का, एवढं ज्याचं त्याने पाहावं.

रात्री आम्ही ह्यांना म्हटलं, "तेव्हा आम्ही महाराजांचं नाव घेऊन बोललो, ते चुकलं." हे बराच वेळ खाच पडलेल्या चेसिसवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मीही आईपाशी बसायला हवं होतं." वीस वर्षांत ही दोन वाक्यं आमच्यात झाली नव्हती.

आता टेबल पुन्हा मांडलंय. जुना गोंद दगड झाला होता, तो फेकला. खाचेत पुटी भरून घासून घेतली. नंबर आणि नावांची चित्रं पिवळी पडली होती. ती पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला लावली आहेत. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा उतरतो म्हणे. ह्यांना आता चष्म्यावर भिंगही लागतं. परवा आरशाचा दांडा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा हसले आणि उठून आरतीला आले.

हा छंद कधी सुटेल का, ठाऊक नाही. सुटला तर तो ह्यांचा सुटेल. आम्हाला आमचं सोडायचंय: दुसऱ्याचे मोह मोजायची सवय.

ताईंच्या प्रश्नाला आमचं उत्तर एवढंच. आधी बघावं, ती गोष्ट सोडली कोणी होती?

॥ जय गुरुदेव ॥ 🙏