पाहणारा देव आणि पाहणारी गाडी

माणूस एकटा असतो तेव्हा तो खरोखरच एकटा असतो काय, हा प्रश्न धर्माइतकाच जुना आहे. श्रद्धावंताचे उत्तर ठरलेले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील हागार ही गरोदर दासी मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळून गेली. तेथे एका झऱ्याकाठी देवदूताने तिला गाठले, आणि त्या निराधार स्त्रीने परमेश्वराला पाहणारा देव असे नाव दिले. आपल्याला कोणीतरी पाहत आहे या जाणिवेने तिला धीर आला. आज मात्र माणसाला पाहणारा आणखी एक डोळा निर्माण झाला आहे. तो त्याच्याच मोटारगाडीत बसवलेला आहे. हा डोळा आपण मिटावा की नाही, असा प्रश्न आता सदसद्विवेकबुद्धीपुढे उभा आहे.

या डोळ्याची ओळख आधी करून घेऊ. नव्या मोटारगाड्यांत कारखान्यातच एक छोटी पेटी बसवलेली असते. तिच्यात मोबाइल फोनसारखे सिमकार्ड असते, उपग्रहांच्या साह्याने ठावठिकाणा सांगणारी जीपीएस यंत्रणा असते, आणि इंजिन, ब्रेक, सुरक्षापट्टे यांच्याकडून येणाऱ्या खबरा तिच्याकडे गोळा होतात. ही माहिती ती कंपनीच्या दूरवरच्या संगणकाकडे पाठवीत राहते. या व्यवस्थेला टेलिमॅटिक्स असे नाव आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९९६ साली ‘ऑनस्टार’ या नावाने ती ग्राहकांपुढे आणली, तेव्हा तिचा हेतू स्तुत्यच होता. निर्जन रस्त्यावर अपघात होऊन चालक बेशुद्ध पडला, तर गाडीनेच मदतकेंद्राला हाक द्यावी, ही कल्पना कोणाला आवडणार नाही?

परंतु मदतीसाठी उघडलेल्या दारातून दुसरेच पाहुणे आत शिरले. सेवा बंद करून घेतलेल्या ग्राहकांच्या गाड्यांकडूनही आपण माहिती घेत राहू, असे ऑनस्टारने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले. चोहोबाजूंनी टीका झाल्यावर त्याच महिन्यात तो बेत मागे घेतला. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने याहून गंभीर गोष्ट उघडकीस आणली. चालकाच्या सवयींची नोंद विमा कंपन्यांना माहिती पुरवणाऱ्या मध्यस्थ संस्थांकडे जात होती. एका गाडीमालकाने आपल्याविषयीचा अहवाल मागवला, तेव्हा त्याच्या हाती २५८ पाने आली. सहा महिन्यांतील ६४० प्रवासांची त्यात नोंद होती. प्रवास केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, वेग कितीदा एकदम वाढवला, ब्रेक कितीदा करकचून दाबला, सारे काही. त्या दरम्यान त्याच्या विम्याचा हप्ता मात्र वाढला होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर ठपका ठेवला, की पुरेशी संमती न घेता ग्राहकांचा ठावठिकाणा, काही वेळा दर तीन सेकंदांनी, टिपला आणि विकला गेला. अशी माहिती ग्राहकांचे अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना देण्यास पाच वर्षे मनाई करणारा आदेश आयोगाने पुढे केला. हा दोष एकाच कंपनीचा आहे, असेही नाही. मोझिला प्रतिष्ठानाने २०२३ साली २५ मोटार उत्पादकांची गोपनीयतेच्या कसोटीवर पारख केली; त्यांपैकी एकही उतरला नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ज्याला लपवण्यासारखे काही नाही, त्याला भय कशाचे? शिवाय त्या नोंदी काही खोट्या नाहीत. ब्रेक दाबला म्हणूनच तो दाबल्याची नोंद झाली. सत्य सांगण्यात कसला अन्याय?

येथे ख्रिस्ती नीतिशास्त्राची जुनी शिकवण कामास येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात माणसाच्या नावलौकिकाविरुद्ध घडणाऱ्या तीन अपराधांचा एकत्र उल्लेख आहे. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याला दोषी मानणे हा पहिला. खोटे बोलून त्याचे नाव कलंकित करणे हा दुसरा. योग्य कारण नसताना त्याचे खरे दोष, ते ठाऊक नसलेल्या माणसांपुढे उघड करणे हा तिसरा. म्हणजे, सांगितलेली गोष्ट खरी आहे एवढ्याने सांगणारा निर्दोष ठरत नाही. ती कोणाला सांगितली, कशासाठी सांगितली, आणि ऐकणाऱ्याला ती जाणण्याचा अधिकार होता काय, हेही पाहावे लागते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनातील गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात कोंडण्याची शिक्षा सांगितली. त्या धर्मगुरूने खोटे सांगितलेले नसते. त्याने खरे तेच सांगितलेले असते, आणि तरीही तो घोर अपराधी ठरतो.

यंत्राच्या सत्यात आणखी एक उणीव असते. त्याला कृती दिसते, कारण दिसत नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील तिन्ही प्रवासी आज मोटारगाडीने यरुशलेमहून यरीहोला निघाले आहेत, अशी कल्पना करावी. याजकाची गाडी संथ गतीने जखमी माणसावरून पुढे निघून गेली. लेव्याचीही गेली. दोघांच्या नोंदी निष्कलंक! शोमरोन्याने मात्र करकचून ब्रेक दाबला, लुटारूंसाठी कुप्रसिद्ध असलेल्या वाटेवर गाडी बराच वेळ उभी केली, मग जखमीला घेऊन भरधाव वेगाने उतारशाळा गाठली. पेटीतील नोंद वाचून विम्याचा हप्ता कोणाचा वाढेल? वर सांगितलेल्या २५८ पानांत गाडी कोठे गेली याची नोंद नव्हती, मग ती का गेली याची कोठून असणार? हेतू आणि परिस्थिती वगळून केवळ कृतीवरून माणसाचे मोल ठरवणे ही नीतिशास्त्राच्या पहिल्या पाठाचीच अवहेलना आहे.

संमतीचा मुद्दाही असाच आहे. कृती नैतिक अर्थाने मनुष्याची व्हावयाची, तर तिच्यात ज्ञान आणि स्वातंत्र्य दोन्ही असावी लागतात. गाडीची किल्ली हाती घेण्याच्या आनंदात, विक्रेता घाई करीत असताना, पडद्यावरील पन्नास पानी मजकुराखालच्या चौकोनाला बोट लावणे म्हणजे संमती नव्हे. ज्ञानाविना मिळवलेला होकार हिसकावून घेतलेल्या वस्तूसारखाच असतो.

ज्याला लपवण्यासारखे काही नाही, या बोलण्यातील गृहीतकही तपासून पाहावे. लपवायचे ते केवळ पापच असते काय? दानधर्म गुप्त ठेवावा आणि प्रार्थनेसाठी खोलीचे दार लावून घ्यावे, ही प्रभूची डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा आहे. आपण गुप्तदान म्हणतो, ते कोणी लाजेने लपवीत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात भावाला भेटायला जाणारी बहीण, दुरावलेल्या मुलाकडे समेटासाठी निघालेला बाप, दुर्धर रोगाच्या तपासणीला चाललेली आई, यांच्या प्रवासांना आडोसा हवाच. कधी तर त्या आडोशावर जीव अवलंबून असतो. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर तिचा ठावठिकाणा त्याच्या फोनवर उमटतो, आणि मारहाणीतून सुटून गेलेल्या पत्नीला तिचीच गाडी पकडून देते. अशा स्त्रियांना ही जोडणी तोडून मागता यावी म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला. हागार आज गाडीतून निघाली असती, तर देवदूताच्या आधी तिला कोणी गाठले असते?

म्हणून हा डोळा मिटण्याचा अधिकार मालकाला आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. परंतु अधिकार असला तरी विवेक सुटत नाही. मिटण्याच्या पायऱ्या तीन आहेत. गाडीच्या पडद्यावर आणि फोनवरील अ‍ॅपमध्ये माहिती देण्यास नकार नोंदवणे, ही पहिली. कंपनीला कळवून सेवा आणि माहितीची देवाणघेवाण बंद करवून घेणे, ही दुसरी. पेटीचा फ्यूज काढणे किंवा तिची जोडणीच तोडणे, ही तिसरी. तिसऱ्या पायरीची किंमत मोठी असते. काही गाड्यांत ध्वनिक्षेपक किंवा फोनचा मायक्रोफोन त्याच पेटीतून जोडलेला असल्याने तोही मुका होतो. दूरवरून होणाऱ्या सुधारणा थांबतात. मुख्य म्हणजे अपघातात मदतीला हाक देणारा आवाजही बंद पडतो. ज्या गाडीतून वृद्ध आईवडील किंवा लहान मुले प्रवास करतात, तिच्या मालकाने हा विचार स्वतःपुरता करून भागणार नाही. पहिल्या दोन पायऱ्यांनी काम होत असेल तर तिसरी चढू नये.

खरे तर ही निवड माणसावर लादली जाणे हाच अन्याय आहे. मदत आणि पाळत यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही. युरोपीय संघाने ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ‘ई-कॉल’ सक्तीचा केला. त्याचा नियम असा की एरवी हे यंत्र निद्रिस्त असावे, त्याने गाडीचा सतत माग काढू नये. मोठा अपघात झाला की मात्र ११२ या क्रमांकाशी संपर्क साधून स्थळ, वेळ अशी मोजकी माहिती द्यावी. प्राण वाचवण्यासाठी एवढे पुरते. त्यापलीकडचे जे काही घेतले जाते, ते दुसऱ्याच कोणासाठी घेतले जाते.

डोळा मिटणे गैर ठरेल, असेही प्रसंग आहेत. हप्त्यात सवलत मिळावी म्हणून आपली नोंद देण्याचे विमा कंपनीला वचन दिले, आणि मग गुपचूप फ्यूज काढला, तर ती फसवणूक होय. आधी करार मोडल्याचे कळवावे. गाडी दुसऱ्याची किंवा भाड्याची असेल तर तिला हात लावण्याचा अधिकार नाही. आणि जो इतरांना वाहून नेतो, त्याने इतरांना जाब दिला पाहिजे. आपल्या देशात १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटसमयी दाबण्याचे बटण सक्तीचे झाले. रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीसाठी तो डोळा उघडाच राहायला हवा.

त्याच २०१९ सालापासून संगणकाशी जोडलेल्या खासगी मोटारीही भारतात सर्रास विकल्या जाऊ लागल्या, आणि आता त्या आपल्या गावांच्या अंगणांत उभ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला आहे. पण हक्क कागदावर राहून कोणाचे रक्षण करीत नाही. गाडीला आशीर्वाद मागण्याआधी ती आपल्याविषयी कोणाशी काय बोलते, हे विक्रेत्याला विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.

परमेश्वर सर्व पाहतो म्हणून माणसानेही सर्व पाहावे, असे त्यातून निघत नाही. परमेश्वराला आपला हेतू दिसतो, आपला पश्चात्तापही दिसतो, आणि पाहिलेले तो कोणाला विकत नाही. ज्या नजरेत यांपैकी काहीही नाही, तिच्यापुढे पडदा ओढून घेणाऱ्याने अपराध्यासारखे वाटून घेण्याचे कारण नाही.