जुनी नाव आणि लांबचा पल्ला

कळंब्यात राहणाऱ्या माणसाने समुद्रपर्यटनावर लिहावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी अनधिकार चर्चेसारखी दिसेल. येथील तलावाने कोल्हापूरची तहान भागविली, आणि पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागला म्हणजे शहरातील मंडळी मुलांलेकरांसह तो पाहावयास येतात. परंतु दूरदेशी निघणाऱ्या शिडाच्या नावेची डोलकाठी ह्या पाण्यावर कधी दिसावयाची नाही. समुद्र घाटापलीकडे आहे. तरीही करवीरच्या मनुष्यास ह्या विषयाशी जवळचे नाते सांगता येते. १७१५-१६च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी जे 'आज्ञापत्र' सिद्ध केले ते करवीरच्या गादीच्या छायेतील होय, आणि त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

त्या प्रकरणात तारवांसाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते आम्हांस फार मोलाचे वाटते. साग वगैरे लाकूड राज्यातील अरण्यातून रीतसर परवानगीने आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे खरे. पण त्या झाडांस कोणी हात लावू नये, कारण ती वर्ष-दोन वर्षांत होणारी नव्हेत आणि रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलेले असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन, मग तोडावे. पावसाळ्यापूर्वी तारवे कोठे व कशी सुरक्षित ठेवावी ह्याचाही विचार तेथे आहे. परंतु आमचे लक्ष वेधून घेतो तो हा झाडाचा दंडक. नाव पाण्यात पडण्यापूर्वी, इतकेच काय पण तिची फळी कापली जाण्यापूर्वी, नीतीचा प्रश्न उभा राहतो हे अमात्यांनी ओळखले होते.

नवी नाव बांधताना जो प्रश्न झाडाच्या धन्याविषयी उद्भवतो, तोच जुनी नाव लांबच्या प्रवासासाठी दुरुस्त करताना अधिक अवघड रूपाने नावेच्या धन्यापुढेच येतो. जुन्या नावेची सिद्धता म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाव पाण्याबाहेर ओढून घ्यावयाची, तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले खरवडून काढावयाचे. लाकडी असेल तर चाकूचे टोक जागोजाग टोचून पाहावयाचे. निरोगी लाकूड टोकास अडविते, कुजलेले त्यास आत घेते. काचतंतूंची असेल तर लहान मोगरीने अंग ठोकीत जावयाचे व आवाज कोठे बद्द होतो हे कान देऊन ऐकावयाचे. फळ्यांच्या सांध्यांतील कापसाची जुनी वात उकरून नवी ठासावयाची. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांची टोके पाहावयाची, कारण तार मधे तुटत नाही, जेथे ती खिळवलेली असते तेथे तिचा एकेक पदर गुपचूप तुटत असतो. तळाच्या कण्याला वजन जोडणारे बोल्ट, पाणी आत-बाहेर करणाऱ्या तोट्या, सुकाणूचे सांधे, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, शिडांच्या शिवणी: ह्यांतील बहुतेक गोष्टी अशा आहेत की त्या सहजी दृष्टीस पडत नाहीत. जे दृष्टीस पडते, म्हणजे रंग, रोगण, चकचकीत पितळ, त्याने कोणी बुडाल्याचे ऐकिवात नाही.

ह्यामुळे मोह असा उत्पन्न होतो की जेथे पाहिले असता खर्च निघेल तेथे पाहूच नये. हा मोह दर्यावर्द्यांचाच आहे असे कोणी समजू नये. घरात कार्य निघाले म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुन्याचा हात मारून आपण मोकळे होतो. मांडव उतरेपर्यंत भिंत पांढरी दिसली म्हणजे झाले. फरक एवढाच की घराची भिंत आपल्याला पुढच्या वर्षापर्यंत सवड देते.

मुंबईत सागवानी लाकडाची बांधलेली एक नाव ह्या बाबतीत स्मरणीय आहे. 'सुहेली' हे तिचे नाव. लांबी अवघी ३२ फूट. व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी ती मुंबईतील कारागिरांकडून १९६३-६४च्या सुमारास बांधवून घेतली. तिचा आराखडाही त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचा जुना होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ती इंग्लंडला गेली. पुढे १९६८ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन ह्यांना नवी, मोठी, वेगवान नाव हवी होती. पैसा मात्र नव्हता. म्हणून ही झिजलेली, सावकाश चालणारी 'सुहेली'च त्यांनी दुरुस्त केली व १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदर सोडले. अटलांटिकमध्ये तिचा तळ गळू लागला. त्यांनी पाण्यात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला व त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मधे एक शार्क मासा भोवती फिरू लागला तेव्हा त्याचीही व्यवस्था लावावी लागली. दक्षिण समुद्रात लाटेने नाव आडवी पाडली, पिण्याचे पाणी नासले, बिनतारी यंत्र बंद पडले, आपोआप दिशा राखणारे साधन ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून गेले. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते फालमथला परतले. निघालेल्या नऊ जणांत पूर्ण करणारे ते एकटे.

त्याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे गृहस्थ नव्या नावेने निघाले होते. चार मुलांचा बाप, विद्युत्-उपकरणांचा लहानसा व्यवसाय. नाव तीन कण्यांची, आधुनिक, कागदावर अतिशय वेगवान. ती घाईने बांधली गेली आणि नियमाने दिलेल्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, अर्धीमुर्धी सिद्ध अशीच टेनमथहून सुटली. नावेला सावरणारे एक अद्भुत यंत्र आपण बसविणार असे त्यांनी सांगितले होते. त्यासाठी खोलीभर तारा ओढल्या होत्या, आणि त्या तारा एका उशीखाली जाऊन कशालाही न जोडता संपत होत्या. निघून दोन आठवडे झाले तेव्हा त्यांनी आपल्या रोजनिशीत नावेतील दोषांची एक लांबलचक यादी केली. ती यादी अतिशय प्रामाणिक आहे. दक्षिण समुद्रात ह्या नावेचा निभाव लागणार नाही हे तीत लिहिल्यासारखेच होते. पण परत फिरावे तर ज्याने पैसा दिला त्याच्याकडून नाव परत विकत घ्यावी लागणार होती व घरदार त्यात गुंतलेले. यादी वहीत राहिली आणि किनाऱ्यावर खोट्या मजलांचे संदेश जाऊ लागले. ते अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले. जुलै १९६९मध्ये नाव सापडली. तीत मनुष्य नव्हता.

ह्या दोन गोष्टींपासून जो बोध सहसा काढला जातो तो असा की एकाची तयारी चांगली होती, दुसऱ्याची वाईट. आम्हांस हा निष्कर्ष अपुरा वाटतो. 'सुहेली' काही निर्दोष नव्हती; तिच्या दुखण्यांची यादी क्रोहर्स्टांच्या यादीहून फार लहान भरेल असे नाही. भेद यादीच्या लांबीत नसून, ती कोणाच्या हाती पडली ह्यात आहे. जो दोष मालकाने पाहिला, ओळखला, आणि 'हा असाच घेऊन जावयाचा, गळू लागला तर असे असे करावयाचे' असे ठरविले, तो दोष प्रवासाच्या सामानातच मोडतो. जो दोष झाकला त्याचा मात्र दुसऱ्या दिवसापासून धनी बदलतो. नाव आता त्याच्या इच्छेने चालू लागते.

आणि त्याची किंमत केवळ झाकणारा देत नाही. क्रोहर्स्टांच्या खोट्या मजला ऐकून नायजेल टेटली नावाच्या दुसऱ्या स्पर्धकास वाटले की कोणी मागून झपाट्याने येत आहे. त्यांची नावही तीन कण्यांची, आणि प्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून खिळखिळी झालेली. तिला विश्रांती हवी होती. त्यांनी ती ताणली, आणि मे १९६९मध्ये घरापासून फार दूर नसतानाच ती बुडाली. त्यांचा जीव वाचला. एका माणसाने न दाखविलेली यादी अशी दुसऱ्याच्या नावेत पाणी भरती झाली. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी आपल्याला मिळालेले ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टांच्या पत्नीस व मुलांस दिले, ही गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तीवर भाष्य करण्याची मात्र गरज नाही.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कोणी म्हणेल की एवढी तपासणी करीत बसले तर निघावयाचे केव्हा? हा आक्षेप पोकळ नाही. जगातील बंदरांत अशा नावा पुष्कळ आहेत, ज्यांचे धनी दहा-दहा वर्षे 'पुढच्या मोसमात निघणार' म्हणून सांगत असतात; दर वर्षी एक नवा दोष सापडतो आणि दोष सापडल्याचा त्यांना गुप्त आनंद होतो. तयारीसुद्धा भित्रेपणाचे बुरखे घेऊ शकते. आमच्या मते त्यावर उपाय हाच की तारीख आधी ठरावी आणि तपासणीचे निकष तारखेने न ठरता समुद्राने ठरावे. म्हणजे तारीख आली असता तीन गोष्टी राहिल्या असतील, तर त्या तिन्ही कोणत्या हे निघणाऱ्यास व मागे राहणाऱ्यांस ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एखादी प्राणाशी गाठ घालणारी असेल तर तारीख मोडण्याचे धैर्य असावे. हे धैर्य निघण्याच्या धैर्याहून दुर्मिळ आहे, कारण निघणाऱ्याला बँड वाजवून निरोप मिळतो. न निघणाऱ्याची टिंगल होते.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर गोव्याकडे वळले पाहिजे. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली; मांडवीचेच ते जुने नाव. ह्या कल्पनेमागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी होते. कमांडर दिलीप दोंदे बांधणीपासून कारखान्यात राबले. जी नाव आपल्याला वाहून नेणार तिची प्रत्येक फळी घडताना त्यांनी पाहिली. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले व २०१०च्या मे महिन्यात, चार बंदरे घेऊन, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. पुढे त्याच नावेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघून कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस पोचले. नवी असताना जिने एक प्रदक्षिणा केली, तिला दुसरीसाठी पुन्हा सिद्ध करणे म्हणजे पहिलीच्या यशावर विसंबून न राहणे. विजयी नाव तपासणे हरलेली तपासण्यापेक्षा कठीण. तिच्यावर संशय घेणे कृतघ्नपणासारखे वाटते.

'म्हादेई'वर शिकून तयार झालेल्या नौदलातील सहा स्त्री-अधिकारी २०१७ साली तिच्याच घडणीच्या 'तारिणी'तून प्रदक्षिणेस गेल्या. परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. घर जवळ आले होते, देश वाट पाहत होता; तरी त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नाव नेली, दुरुस्ती केली, आणि मग २१ मे २०१८ रोजी गोव्यास आल्या. टेटलींच्या नावेची आठवण ज्यास असेल त्यास ह्या थांबण्याचे मोल सांगावयास नको. आमच्या वर्तमानपत्रांनी स्वागताची छायाचित्रे मोठी छापली आणि पोर्ट लुईचा उल्लेख दोन ओळींत उरकला, हे जगरहाटीला धरूनच झाले.

चांगली तयारी संकट टाळतेच असे मात्र कोणी समजू नये. अभिलाष टॉमी २०१८च्या स्पर्धेत 'सुहेली'ची प्रतिकृती असलेल्या, दांडेकरांनीच बांधलेल्या 'तुरिया' नावेतून गेले. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, व तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. असे असता तेच गृहस्थ २०२२ साली पुन्हा त्याच स्पर्धेस उभे राहिले. ह्या खेपेस नाव जुनी होती. स्पर्धेचा नियमच असा की १९८८ पूर्वीच्या आराखड्याची नाव हवी. वाटेत दिशा राखणाऱ्या साधनाचे पाते तुटले. लाकूड आणावयास बंदर नव्हते, आणि बंदरात शिरणे नियमाने वर्ज्य. त्यांनी नावेतील संडासाचे दार काढले, ते कापले, आणि त्याचे पाते करून बसविले. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसरे आले. सोळा निघालेल्यांत तिघांनीच कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली.

'तारिणी' २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा गोव्याहून सुटली, तेव्हा ती सात वर्षे जुनी होती आणि तीवर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. पोर्ट लुईला जिचे सुकाणू दुरुस्त केले होते तीच ही नाव. त्या दोघी तिला घेऊन २९ मे २०२५ रोजी गोव्यास परत आल्या.