सही आणि नकार

धाकट्यानं पाकीट आईच्या पुढ्यात ठेवलं. तिनं नोटा मोजल्या, परत मोजल्या. मग विचारलं, "कुठनं आणलंस रं एवढं पैसं?" तो गप्प. शर्टाची बाही वर सरकली तेव्हा कोपराच्या खळग्यात सुयांचे डाग दिसले. परगावी एका कंपनीत तीन रात्री राहून आला होता. गोळी गिळायची, ठरल्या वेळेला रक्त द्यायचं. जेवण फुकट, वर पैसे. मी भडकलो. रक्त विकायला लाज वाटत नाही का, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, सही केलीय मी. कुणी हात पिरगाळला नव्हता."

मित्रांनो, हे वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात रुतून बसलंय. आज त्याच्याशीच भांडायचंय.

गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात हिवतापाचा विषय निघाला. धडधाकट माणसांना मुद्दाम मलेरियाची लागण करून शास्त्रज्ञ अभ्यास करतात, असं एकानं सांगितलं. सगळे ओरडले, हा फॅसिझम! मीही ओरडलो. ओरडायला आपल्याला फार वेळ लागत नाही. मग पत्रक काढायचं ठरलं : गरिबांवर असले प्रयोग कायद्यानं बंद करा. मसुदा माझ्याकडं आला. लिहिण्याआधी वाचायला बसलो आणि हात थांबला.

करतात हे खरं आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले, मलेरियाचे जंतू अंगात असलेले पाच डास जाळी लावलेल्या कपात घालतात आणि तो कप माणसाच्या हाताला लावतात. जंतू आठवडाभर यकृतात दबा धरतात, मग रक्तात उतरतात. रोज रक्त तपासतात. जंतू सापडला की औषध सुरू. औषधाला हमखास दबणारीच जात वापरतात. यातून लस खरी की खोटी हे थोडक्या माणसांवर कळतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत लस घेतलेल्या सातांपैकी सहा जणांना लागण झाली नाही, तिथून त्या लसीचा रस्ता उघडला. मलेरियानं वर्षाला सुमारे सहा लाख माणसं मरतात. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान पोरं. म्हणजे पलीकडच्या पारड्यात काहीच नाही असं नाही.

पण अलीकडच्या पारड्यात कोण बसतं? १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं डासात मलेरियाचा जंतू पकडला. त्याचे डास ज्याच्या रक्तावर पोसले तो हुसेन खान नावाचा रोगी. डासामागं एक आणा, दहा डासांचे दहा आणे. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. १९०० साली लंडनमध्ये डॉक्टर पॅट्रिक मॅन्सननं इटलीहून आणवलेले डास स्वतःच्या पोराला चावू दिले. पोराला ताप आला. एकाच दशकातले हे दोन हात डासांपुढं आलेले. दोघांनीही होच म्हटलं. दोन्ही 'हो' एकाच वजनाचे का?

पुढं बघा. दाखाव्हच्या छळछावणीत क्लाऊस शिलिंग या म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं हजारावर कैद्यांना मलेरिया दिला. १९४६ साली तो फासावर गेला. त्याच काळात अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात चारशेवर कैद्यांना मलेरिया दिला जात होता, आणि त्यांच्या देशभक्तीचे फोटो मासिकात झळकत होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी हेच पुढं केलं : तुम्हीही तेच करत होता की! अमेरिकेच्या बाजूनं डॉक्टर अँड्र्यू आयव्हीनं उत्तर दिलं, आमच्या कैद्यांनी खुशीनं सही केली, एका समितीनं ते तपासलंय. त्या समितीची तोवर एकही बैठक झाली नव्हती. १९४७ साली निकालात न्यूरेंबर्गची संहिता आली, तिचं पहिलंच कलम ऐच्छिक संमतीचं. स्टेटव्हिलचे प्रयोग मात्र १९७४ पर्यंत चालले.

आणि इथंच माझी गोची झाली. स्टेटव्हिलमध्ये ज्या औषधाची पारख झाली ते प्रिमाक्विन. यकृतात लपलेला जंतू मारणारं. मुंबईच्या आमच्या वस्तीत आईला मलेरिया उलटून उलटून यायचा. दवाखान्यातून चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि तो थांबला. काही माणसांचं रक्त या गोळीनं फुटतं, त्याचं कारण १९५६ साली सापडलं, तेही त्याच तुरुंगातल्या काळ्या कैद्यांच्या रक्तातून. ती गोळी आता थुंकायची का? आईला काय सांगू?

त्याच १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' दिलं. त्यात त्यांनी विचारलंय की बेकार माणसाला मूलभूत हक्काचं मोल काय? पोटासाठी तो हक्क सोडून देईल, आणि त्याला आपण स्वातंत्र्य म्हणायचं का? न्यूरेंबर्गला सही पुरेशी वाटली. बाबासाहेब सहीच्या मागं उभ्या असलेल्या भुकेकडं बघतात.

आमचे आजोबा वतनातले महार. मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पोचवायचं, पाटलाच्या दारात उभं राहायचं. वतन गेलं तेव्हा ते रडले होते, वडील सांगायचे. "हक्क हुता आपला," म्हणायचे. त्यांच्याकडून कुणी सही घेतली असती तर त्यांनी आनंदानं अंगठा दिला असता. त्या अंगठ्याला संमती म्हणणारा माणूस या पत्रिकेच्या वाचकांत सापडणार नाही.

म्हणून बंदी? थांबा. केनियात किलिफीला असे अभ्यास झालेत, टांझानियात बागामोयोला झालेत. ज्या अंगानं लहानपणापासून मलेरिया सोसलाय त्याची ताकद त्याच अंगात कळते, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या अंगात कळत नाही. त्यांना 'तुम्ही गरीब, तुम्हाला कळत नाही' म्हणून बाहेर ठेवणं हा सोवळ्याचाच प्रकार. आमच्या वतीनं नाही म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. आणखी एक गंमत. गरिबाला जास्त पैसे दिले तर ते आमिष होईल, अशी चिंता शहाण्यांना पडते. आमिष टाळायचं म्हणून मोबदला कमी ठेवा म्हणतात. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसाच्या मजुरीला मात्र आमिष म्हणताना कुणी ऐकलंय? २०१३ चा कायदा असूनही तो मरतोच आहे.

आणि फसवायचं असेल तर सहीसुद्धा लागत नाही. २००९ साली आंध्रातल्या खम्ममच्या आदिवासी पोरींना एचपीव्ही लशीच्या अभ्यासात घेतलं, तेव्हा कित्येकींच्या अर्जावर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. आईबाप डोंगरात, पोरगी रांगेत.

तेव्हा मी सही बघायचं सोडलं. नकार बघायला लागलो. नाही म्हटलं तर त्या माणसाचं काय जातं? मॅन्सनच्या पोराचं काही जात नव्हतं, फार तर बापाचा रुसवा. हुसेन खानचे दहा आणे जात होते. कैद्याची सुटकेची आशा जात होती. ज्याच्या नकाराला किंमत पडत नाही त्याचाच होकार मी खरा धरीन. आणि त्याला बिघडलं तर कोण बघणार, लस तयार झाल्यावर त्याच्या गावात कधी येणार, हे आधी कागदावर पाहिजे. पुण्यात बनणारी आर२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली मान्य केली. त्याच वर्षी दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं असे अभ्यास आपल्याकडं कसे करावेत यावर धोरणाचा कागद काढला. म्हणजे दार उघडायचं ठरतंय. दारात कोण उभे केले जातील हे विचारायची वेळ हीच.

पत्रकाचा जुना मसुदा मी बाजूला ठेवला. नव्यात 'बंद करा' नाही. नकाराची किंमत कोण भरणार, एवढंच विचारलंय. वर्गात काही जण चिडतील, चिडू देत.

परवा धाकट्याला पुन्हा फोन आला. मी म्हणालो, नाही म्हण. त्यानं विचारलं, "मग सेमिस्टरची फी तू भरतोस का, दादा?" मी खिसा चाचपला. आई आतून म्हणाली, "आधी जेवा दोघंबी." जेवताना कुणी बोललं नाही.