दिलेलं आणि सोपवलेलं

2025 च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदाराचं नाव कमी करायचं आणि वारसांची नावं चढवायची, हे तिचं मुख्य काम. ते करायलाच हवं होतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी पीककर्ज आजोबांच्याच नावावर, ही आपल्याकडची जुनी रड आहे. पण या मोहिमेच्या आगेमागे जी चर्चा झाली, ती ऐकून कान किटले. विमा एजंटापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद: प्रत्येकाने वेळेत मृत्युपत्र करावं, ते नोंदवावं, म्हणजे मागे भांडण उरणार नाही.

नात्यांतला ओलावा आटला म्हणून वारसाचे खटले वाढले, असं म्हणणाऱ्यांनी निजामाच्या काळातली भाऊबंदकी पाहिलेली नसावी. बहिणी हिस्सा मागू लागल्या म्हणून घरं फुटली, हा युक्तिवाद तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. मृत्युपत्रवाल्यांचं म्हणणं मात्र वरून शहाणपणाचं दिसतं, म्हणून त्याचा समाचार नीट घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट नोंदणीची. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. लागतात ते दोन साक्षीदार, ही 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 ची अट. त्यांपैकी हयात असलेला निदान एक तरी कोर्टात उभा करावा लागतो आणि नव्या साक्ष अधिनियमातही हे कायम आहे. दुय्यम निबंधकाचा शिक्का बसला की कागद सिद्ध झाला, ही समजूत परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या दिवाणी न्यायालयातल्या एका उलटतपासणीत गळून पडते. अंगठा कुणी धरला, म्हाताऱ्याला ऐकू येत होतं का, मजकूर त्याला वाचून दाखवला का, निबंधकाच्या कचेरीत गाडी कुणी नेली, असे प्रश्न येतात. गाडी ज्याने नेली त्याच्याच नावे सगळं लिहिलेलं असतं. ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयाची बाब आहे आणि तो संशय दूर करणं त्याच्याच माथी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलं. आपल्याकडच्या बहुतेक मृत्युपत्रांची जन्मकथा याहून वेगळी नसते.

दुसरी गोष्ट याहून अवघड. मृत्युपत्राने माणूस स्वतःचंच देऊ शकतो. जिंतूरसारख्या तालुक्यात बरीचशी जमीन वडिलोपार्जित. समजा बारा एकर रान आहे. घरात बाप, आई, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुली जन्मतःच हिस्सेदार झाल्या आणि 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने उरलीसुरली शंकाही मिटली. बाप मरण्याआधी वाटणी झाली असं कायदा धरतो; त्या काल्पनिक वाटणीत आईलाही वाटा येतो. म्हणजे बापाच्या हाती आले सहातले एक, दोन एकर. आणि मृत्युपत्रात तो पूर्ण बारा एकरांची विल्हेवाट लावतो. मजकूरही ठरलेला: मुलींची लग्नं करून दिली आहेत, देणंघेणं झालं आहे, सबब त्यांचा संबंध नाही; धाकट्याने माझी सेवाचाकरी केली, सबब सर्व त्याला. जे आपलं नाही ते दिल्याचा हा कागद भांडण मिटवत नाही, उलट त्याला तारीख आणि साक्षीदार पुरवतो.

मग म्हणतील, चांगल्या वकिलाकडून करून घ्या. बरं, याहून चांगलं मृत्युपत्र कुणाच्या वाट्याला येणार होतं? पुण्याच्या बाबामहाराज पंडितांनी 1897 च्या ऑगस्टमध्ये मरणाच्या दारात मृत्युपत्र केलं आणि विश्वस्तांत नाव घातलं राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेल्या लोकमान्य टिळकांचं. सोबत दादासाहेब खापर्डे. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: विधवा ताईमहाराजांनी 1901 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे निजामाच्या हद्दीत, जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, मग ते नाकारून दुसरा घेतला, टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, 1904 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि प्रिव्ही कौन्सिलने टिळकांचं म्हणणं उचलून धरायला 1915 साल उजाडलं. तोवर ताईमहाराजांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

हा खटला आपण टिळकचरित्रातलं एक प्रकरण म्हणून वाचतो, सरकारचा डाव म्हणून वाचतो. तो तसा होताही. पण मला त्यात वेगळंच दिसतं. बाबामहाराजांनी इस्टेट विश्वस्तांवर सोपवली होती आणि कर्जात बुडालेली ती इस्टेट वर काढायची म्हणून विश्वस्त खर्चाला कात्री लावत होते. तरुण विधवेला वाटत होतं की नवऱ्याचं घर आपल्याला मिळालं आहे आणि परके लोक आपल्याच पैशाला हात लावू देत नाहीत. एक बाजू इस्टेटीकडे सोपवलेली वस्तू म्हणून पाहत होती, दुसरी दिलेली म्हणून. कायदा टिळकांच्या बाजूने होता, यात मला शंका नाही. पण ताईमहाराजांच्या तक्रारीला निव्वळ मत्सरी लोकांची चिथावणी म्हणून उडवून लावणं मला कधी पटलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. देणं आणि सोपवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दिलं की घेणारा मोकळा, त्याने ते विकावं नाहीतर उधळावं. सोपवलं की घेणारा बांधला जातो, त्याला हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडचे वारसाचे खटले पाहिले तर वाटणी कमीजास्त झाली हे वरचं कारण असतं, आणि खाली असतं ते हे की सोपवलेलं कुणीतरी दिल्यासारखं वापरलं.

सातबाऱ्यावर याचा पुरावा आहे. जुन्या उताऱ्यांत नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा दिसतो: अज्ञान पालनकर्ता. मुलगा अज्ञान, पालनकर्ता चुलता किंवा आई. मुलगा सज्ञान होतो, त्याची मुलंही सज्ञान होतात, तरी शेरा तसाच. मोहिमेत हे शेरे आता निघतील. मधल्या वीस वर्षांच्या कापसाचे, तुरीचे, सोयाबीनचे पैसे कुठे गेले, हे मात्र कुठल्याच फेरफारात येत नाही.

आणि कायदाही इथे डोळा चुकवतो. अज्ञानाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, असं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 8 सांगतं. पण एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा त्यातून सुटतो. तिथे कर्त्याचा कारभार. म्हणजे नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात सव्वीस वर्षांची बाई मुलाची पालक असते, पण मुलाचं रान दिराच्या हाती. सासऱ्याने पुढे सगळं दिराच्या नावे लिहून ठेवलं तरी मुलाच्या बापाचा हिस्सा त्याने जात नाही. कायद्याने तो तिच्याकडे आणि मुलाकडे येतो. पण हे तिला सांगणार कोण, आणि तोवर आलेल्या उत्पन्नाचा हिशेब मागायची तिची छाती होणार कशी? घरात हिशेब मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं आपण मानतो. देवळाच्या विश्वस्त मंडळाने धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब सादर केला पाहिजे, असा 1950 चा कायदा आहे. देवाच्या पैशाचा हिशेब मागितलेला चालतो, पुतण्याच्या नाही.

मृत्युपत्रातही तेच. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, घेतलं तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम 317 प्रमाणे व्यवस्थापकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. मुंबई शहरातल्या मृत्युपत्रांसाठी प्रोबेटची सक्ती होती. जिंतूरला ती कधीच नव्हती. सोय झाली, खर्च वाचला, असं सगळे म्हणतात. पण त्याबरोबर हिशेबही गेला, हे कुणी म्हणत नाही. इथलं मृत्युपत्र थेट ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या टेबलावर जातं, नोटिसा निघतात, कुणी हरकत घेतली नाही की फेरफार मंजूर. फेरफाराने मालकी ठरत नाही, असं न्यायालयांनी कितीदा सांगितलं, तरी गावात तोच निकाल समजतात.

सगळ्याच घरांत कारभारी चोर असतो असं मला म्हणायचं नाही. कित्येक चुलत्यांनी पुतण्यांना स्वतःच्या पोरांआधी शिकवलं आहे. पण प्रामाणिक चुलत्याकडेही दाखवायला कागद नसतो, आणि पुतण्याचं लग्न झाल्यावर त्याच्यावरही तोच आळ येतो.

म्हणून मृत्युपत्र करू नका असं नाही. पण वकिलांनी ते लिहिताना अशिलाला एक प्रश्न आधी विचारावा: यातलं तुम्ही दिलं किती आणि सोपवलं किती? जे सोपवलं, त्याचा हिशेब कोण, कुणाला, वर्षातून कधी दाखवेल, हे कलम नावानिशी घाला. पालकत्वाच्या अर्जांत न्यायालयांनीही कसूर करू नये. नेमलेल्या पालकाकडून मालमत्तेचं विवरण आणि हिशेब मागवण्याचा अधिकार पालक व पाल्य कायद्याच्या कलम 34 मध्ये 1890 पासून आहे.