आत्मस्तुती आणि साक्ष

महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर होऊन शिबिरात परतलेल्या युधिष्ठिराने त्राग्याच्या भरात, गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक, असे अर्जुनास सुनावले, आणि तसे म्हणणाराचा वध करण्याची प्रतिज्ञा पूर्वीच करून बसलेला अर्जुन थोरल्या भावावर खड्ग उपसून उभा राहिला. वडीलधाऱ्याचा एकेरी अवमान हाच त्याचा वध, अशी तोड श्रीकृष्णाने काढली. आणि त्या अवमानाच्या पश्चात्तापाने अर्जुन आत्मघातास प्रवृत्त झाला, तेव्हा स्वमुखाने स्वतःचे गुण गाणे हाच आत्मवध होय, असे सांगून त्याचेही प्राण राखले. ज्या समाजाने हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जपला, ज्याच्या समर्थांनी दासबोधातील मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणाराची गणना केली, त्या समाजातील तरुणाला नोकरी गेल्यावर आज पहिले काम करावे लागते ते लिंक्डइनसारख्या चव्हाट्यावर आपले गुणवर्णन आपल्याच हाताने लिहिण्याचे.

हा पेच मी माझ्या भाच्याच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत तो गुणवत्ता विभागात होता. विभागच बंद झाला आणि तो घरी बसला. एका संध्याकाळी मोबाइल माझ्यापुढे धरून तो म्हणाला, “मामा, स्वतःची टिमकी वाजवायची लाज वाटते, आणि न वाजवावी तर कुणी विचारत नाही.” त्याने लिहिले होते, ‘अत्यंत कल्पक, मेहनती, नेतृत्वगुणसंपन्न’. मी विचारले, “अरे, तू तिथे केलेस काय?” तेव्हा हळूहळू कळले की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रे, पडून पुष्कळ माल बाद होई, आणि साच्याच्या वाळूतील ओलावा दर पाळीला मोजून वहीत नोंदवण्याचा क्रम लावून त्याने ते प्रमाण खाली आणले होते. आम्ही ती तिन्ही विशेषणे खोडली आणि ही हकीकत, नोंदीतल्या आकड्यांसह, चार ओळींत लिहिली. विशेषणे जाऊन क्रियापदे राहिली, तसा मजकुराचा सूरच बदलला.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. मी थोर आहे, असे म्हणणे ही स्तुती. मी अमुक दिवशी अमुक काम केले, हे सांगणे ही साक्ष. साक्ष देणाऱ्याला न्यायालयात कोणी बढाईखोर म्हणत नाही. उलट ठाऊक असलेले सांगण्याचे टाळणे हाच तेथे दोष ठरतो. गुणांचा उच्चार मात्र दुसऱ्यानेच करावा. समुद्रतीरावर हनुमंताला त्याच्या सामर्थ्याची आठवण जांबवंताने करून दिली, तशी भाच्याच्या कामाची शिफारस त्याच्या जुन्या मेस्त्रींनी लिहिली. शिफारस आणि वशिला यांत आपण फार गल्लत करतो. वशिला लायकीची उणीव झाकण्यासाठी लावला जातो, तर शिफारस करणारा जे पाहिले त्याला आपली इभ्रत पणाला लावून दुजोरा देतो.

दुसरा संकोच याचनेचा. चार वर्षांत ज्याला साधा नमस्कार कळवला नाही, त्याला आता संदेश कोणत्या तोंडाने पाठवावा? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची विचारपूस केली आणि १९७३ साली निष्कर्ष मांडला, तो येथे मननीय आहे. ज्याच्याकडून जागेची बातमी कळली तो माणूस नेहमीच्या भेटीतला असल्याचे शेकडा सुमारे १७ जणांनीच सांगितले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली, आणि एकूणांपैकी शेकडा सुमारे २८ जणांचा तर तो परिचित वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारा होता. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्यापाशी नवी वार्ता असते. तेव्हा त्याच्याकडे मागायची ती वार्ता, नोकरी नव्हे. भाच्याने नाशिकच्या एका जुन्या सहकाऱ्याला, तुमच्याकडे कामाची पद्धत कशी आहे व माझ्या अनुभवाचा कुठे उपयोग होईल, एवढेच विचारले. दोघे अर्धा तास वाळू आणि साचे यांविषयीच बोलत राहिले. या बोलण्यात मिंधेपण नव्हते. गरज सरो वैद्य मरो हा व्यवहार मात्र अधर्मच. नोकरीवर रुजू झाल्यावरही त्या सहकाऱ्याची खुशाली विचारली पाहिजे.

लिंक्डइनसारख्या याच चव्हाट्यावर जुन्या मालकाविरुद्ध संतापाने लिहिलेली कैफियत नवा मालकही वाचतो, आणि नेमणुकीच्या नावाखाली आधी पैसे मागणारे भामटेही येथेच वावरतात. म्हणून रागाच्या रात्री लिहू नये आणि खातरजमा केल्याविना कागदपत्रे धाडू नयेत.

तथापि या व्यवहारातील धर्म एकट्या मागणाऱ्याचा नाही. भाच्याने घरी बसल्यावरच्या दोन महिन्यांत चाळीस जणांना लिहिले; उत्तरे अकरा आली. नकाराने तो खचला नाही, मौनाने खचला. वाचकहो, आपल्या मोबाइलवर असा एखादा संदेश अनुत्तरित पडून असेल, तर जागा नसली तरी ‘सध्या जागा नाही’ एवढे तरी आज कळवा.